देवाची वेळ, सरकारी वेळ

डब्लिन, ४ सप्टेंबर १९८४

प्रिय फेस्टसमामा,

दचकू नकोस, मीच आहे. तुझी भाची ग्रॉन्या. फ्रान्समध्ये द्राक्षं तोडायला महिनाभर म्हणून गेले आणि चार वर्षांनी उगवले. मधे हॅम्बर्गला भांडी घासली, एका सर्कशीत तिकिटं फाडली, पोर्तुगालात एका म्हातारीची शेळी हरवली. शेळी आपली आपण परत आली, पण म्हातारी माझ्याशी नंतर बोलली नाही. असो. सध्या डब्लिनच्या विमानतळावर उपाहारगृहात कपबशा विसळते.

मुद्दा वेगळाच आहे. बेटासमोरच्या काठावर दुकान चालवणाऱ्या डेलियाचं पत्र आलं. म्हणते, उन्हाळाभर तू बेटावरून उतरला नाहीस. पोस्टमन आला तेव्हा तू उंबऱ्यावर बसलेला होतास, ओठ निळे, आणि त्याला म्हणालास, "जरा वारा खातोय." मामा, बेटावर आता तू एकटा. तुला काही झालं तर आधी गाईला कळेल, मग पोस्टमनला.

तर मी ठरवलंय. माझ्या मोरीच्या खिडकीतून भाड्याच्या गाड्यांचे काउंटर दिसतात. अमेरिकेतून माणसं येतात, आजोबांचं गाव शोधायला. किल्ली घेतात आणि सुटतात पश्चिमेला. आपण तिथलेच, आणि आपण काय पाहिलंय? तू गॉलवेच्या पुढे गेलेला नाहीस. ऑक्टोबरात मी गाडी घेते, तुला उचलते, दोन दिवस सगळा किनारा हिंडवते आणि तिसऱ्या दिवशी गॉलवेच्या इस्पितळात तुझी छाती दाखवते. हिंडणं तुझ्यासाठी, इस्पितळ माझ्यासाठी. निम्मं निम्मं.

मला भीती वाटते ती बेटापर्यंतच्या त्या वाळूचीच, ओहोटीला उघडते आणि भरतीत मिटते तिची. आई तिथे बुडाली त्याला अठरा वर्षं झाली, तरी स्वप्नात अजून पाणी दोन्ही बाजूंनी येतं आणि मधोमध मिळतं. पण मी येईन.

घरातलं घड्याळ अजून देवाच्याच वेळेवर आहे ना? सगळा देश मार्चमध्ये काटे तासभर पुढे करतो, तू एकटा नाही. इथे हे कुणाला सांगितलं तर हसतात.

तुझी,
ग्रॉन्या


इनिशदारा, १५ सप्टेंबर

ग्रॉन्या पोरी, देव तुला जिथे असशील तिथे सुखी ठेवो, आणि शक्यतो एका जागी ठेवो.

तुझं पत्र मिळालं. डेलियाला माझ्या ओठांचा रंग बघायला दुकानातून वेळ मिळतो म्हणजे धंदा बरा दिसत नाही. मला काही झालेलं नाही. चढ चढताना बसतो, एवढंच. बसायचं वय आहे.

इस्पितळाचं नाव काढू नकोस. आपला शेजारी पॅच मोर चालत गेला तिकडे, खोकल्यासाठी. भरतीच्या आधी आणायची म्हणून त्याची शवपेटी आम्ही सहाजणांनी पळतपळत वाळूवरून आणली. गाईचं कोण बघेल? आणि तुला लायसन कुणी दिलं? मला आठवतं, एकोणऐंशीत परीक्षेची रांग फार लांबली म्हणून सरकारनं परीक्षा न घेताच सगळ्यांना लायसनं वाटून टाकली. त्यातलंच ना तुझं?

यायचंच असेल तर ये, पण गाडी पलीकडे ठेव. वाळूवर आणू नकोस. मी ओहोटीला चालत येईन.

देवाच्या वेळेला हसणाऱ्यांना सांग, समुद्र मंत्र्याचं ऐकत नाही. भरतीओहोटीचा तक्ता छापणारेही जुन्या वेळेतच छापतात. एका घरात दोन वेळा नकोत, ग्रॉन्या. याच्यापुढे मी लिहीत नाही.

तुझा मामा,
फेस्टस


डब्लिन, २२ सप्टेंबर

प्रिय मामा,

हो, त्यातलंच. पण मी हॅम्बर्गमध्ये पावाची गाडी दोन महिने चालवली, तीही रस्त्याच्या उलट बाजूनं, आणि फक्त एक कबूतर मेलं.

गाडी ठरली! काउंटरवरची एमर माझी मैत्रीण झालीय. मी तिला फुकट चहा देते, तिनं मला नोकरांची सवलत दिली. लाल, छोटी, मागे दोन दारं कमी. एमरनं करार वाचून दाखवला, म्हणजे तिनं वाचला आणि मी खिडकीबाहेर उतरणारं विमान बघत होते. एका कलमाला तिनं मला कोपरानं ढोसलं. "हे ऐक. समुद्रकिनारा, वाळू, खाजण, नदीपात्र, इथे गाडी नेली तर विमा नाही. तू कुठे नेणारेस?"

"मामाकडे."

"मामा कुठे राहतो?"

मी म्हटलं, पश्चिमेला. तिनं माझ्याकडे बघितलं. "ग्रॉन्या, पश्चिमेला हा पत्ता नसतो." मग सही घेतली.

तू चालत येणार म्हणतोस. डेलियाला मी परत लिहिलं होतं, तिचं उत्तर आलं. ती म्हणते, तू विहिरीपर्यंत जायला अर्धा तास घेतोस. वाळू एक मैल आहे मामा. मधे बसलास तर उठवणार कोण? तेव्हा गाडी तुझ्या दारात येणार. करार गेला खड्ड्यात.

शनिवारी १३ ऑक्टोबरला येते. वाळू किती वाजता उघडते नि मिटते ते नीट लिही. तू लिहिशील ते तंतोतंत पाळेन. घरच्या सगळ्या रीती माझ्या लक्षात आहेत, काळजी करू नकोस.

मला वाळूची जितकी भीती वाटते, त्याहून जास्त तुझ्या उंबऱ्याची वाटायला लागलीय.

ग्रॉन्या


इनिशदारा, ३ ऑक्टोबर

ग्रॉन्या,

ये.

परवा गाईला पाणी घालताना बादली हातातून सुटली आणि बादलीच्या मागोमाग मी. किती वेळ पडून होतो कळलं नाही. गाय तोंड चाटत होती. तू म्हणालीस तसंच झालं, आधी तिलाच कळलं. अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे.

डेलियाचा भाऊ गाईला घेऊन जाईल. समुद्रावरच्या त्या उंच कड्यांबद्दल माझ्या आजोबांकडून ऐकलं होतं, ते दाखव. इस्पितळाचं कड्यांनंतर बघू.

शनिवारी १३ तारखेला वाळू दुपारी बारापासून चारपर्यंत उघडी. चारनंतर एक चाकसुद्धा टेकवायचं नाही, देव समोर उभा राहून ये म्हणाला तरी. खांबांच्या ओळीनं ये, डाव्या हाताला वाळू मऊ आहे. पाणी समोरून येत नाही हे लक्षात ठेव. ते मागून येतं. तक्ता मी दोनदा बघितलाय आणि तुझ्या सोयीनं लिहिलंय.

काही बिघडलं तर मी घराच्या भिंतीवर पांढरी चादर टाकेन. चादर दिसली तर यायचं नाही. हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मामा


इनिशदारा, ११ ऑक्टोबर, गुरुवार

ग्रॉन्या,

हे घाईत लिहितोय, पोस्टमन दारात उभा आहे आणि त्याला भरती दिसायला लागलीय.

काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. मी तुला चार लिहिलं. ते सरकारी चार आहेत. तक्त्यात तीन होते, तुझ्या मनगटावरचं घड्याळ सरकारी म्हणून मीच एक मिळवून चार लिहिले. पण तू लिहिलंयस की घरच्या रीती लक्षात आहेत. तू त्यात परत एक मिळवणार तर नाहीस? मिळवू नकोस! चार म्हणजे तुझ्या घड्याळात चार.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळायला हवं. नाही मिळालं तर म्हणून पोस्टमनला सांगितलंय, डेलियाला सांग, पोरगी दुकानापाशी आली की हात दाखवून थांबव. डेलिया थांबवेल.

असंच एकदा झालं होतं. मी परत असं कसं केलं.

थांब गं पोरी दुकानापाशी.

फेस्टस


बॅलिनास्लो, १३ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

प्रिय मामा,

हे पत्र माझ्यानंतर पोचेल, आपण दोघं मिळून वाचू. तरी लिहितेय, कारण टपालपेटी समोर आहे आणि हात काहीतरी करायला मागतोय.

शुक्रवारी एमरकडेच झोपायला गेले होते, विमानतळाजवळ, म्हणून पहाटे किल्ली मिळाली. एमरनं आरशाला प्रवाशांच्या राखणदार सेंट क्रिस्तोफरचा बिल्ला बांधला. "विम्यात नाही ते याच्यात बसतं का बघ," म्हणाली. विमानतळाच्या चौकात तीन फेऱ्या मारल्या, कुठल्या फाट्यानं बाहेर पडायचं कळेना. मागचा टॅक्सीवाला ओरडला, "बाई, लग्न करतेस का त्या चौकाशी?"

मग एकदाचा पश्चिमेचा रस्ता लागला आणि मामा, काय सांगू. मला वाटायचं मी देश सोडून सगळं बघितलंय, आणि आपलाच देश एवढा हिरवा! वाटेत एका मठाचे पडके मनोरे बघायला वळले, तिथे तास गेला. इथे घोडेबाजार भरलाय. एकजण मला डोळा गेलेलं खेचर विकायला बघतोय, म्हणतो गाडीपेक्षा बरं, मुक्कामाला उभं राहतं. त्याच्याशी वाद घालता घालता दहा वाजले. मला माहीत आहे, तू म्हणशील आईवर गेलीय. सगळे तेच म्हणतात. ती दुकानात गप्पा मारत बसली आणि समुद्र विसरली.

पण मी समुद्र विसरलेली नाही. तुझे देवाचे चार, म्हणजे माझ्या घड्याळात पाच. गॉलवेत तुझ्यासाठी एक लोकरी टोपी घेणारे, कड्यांवर वारा फार असतो म्हणे. तरी साडेचारपर्यंत वाळूवर असेन. अर्धा तास हातात ठेवून.

येतेय.

ग्रॉन्या


डब्लिन, १९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

इस्पितळाच्या पत्त्यावर पहिल्यांदाच लिहितेय. नर्स म्हणाली वाचून दाखवेन, मी तिला सांगितलं, त्याला चष्मा द्या, तो स्वतः वाचेल, दुसऱ्यानं वाचलेलं त्याला खरं वाटत नाही.

खोलीवर आले तर तुझं अकरा तारखेचं पत्र दाराखाली पडलेलं. घरमालकीण म्हणाली, शुक्रवारीच आलंय, तू कुठे होतीस? मी जिन्यातच बसले.

तुला ठाऊक नसलेलं आधी सांगते. दुकानापाशी चार वाजून वीस मिनिटांनी आले. डेलिया दारात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. तिकडे सगळेच गाडीला हात करतात, मला वाटलं, ये बाई ये म्हणतेय. मीही हात केला. मामा, मी हसलेसुद्धा. दिवसभर दिसेल तिथे थांबले आणि जिथे थांबायचं तिथेच थांबले नाही, कारण एकदाच मेलं ठरवलं होतं की आज रेंगाळायचं नाही.

झिमझिम होती, घर दिसत नव्हतं, मग चादर कुठली दिसणार. निम्म्या खांबांपर्यंत वाळू कोरडी होती. मग आरशात बघितलं. मागचे खांब पाण्यात उभे. आवाज नाही काही नाही, आपण आलो ती वाट चकचकीत झालेली. मी जोरात दाबलं, गाडी डावीकडे घसरली आणि बसली. दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं. आधी पेडलांवर, मग मांडीवर ती टोपी ठेवली होती तिच्यापर्यंत. मी सेंट क्रिस्तोफरला शिव्या दिल्या. दार उघडेना. हॅम्बर्गला शिकलेली एकच उपयोगाची गोष्ट आठवली, काच फिरवून खिडकीतून बाहेर पडले. बाहेर कमरेएवढं पाणी, आणि कुठे बेट कुठे काठ काही समजेना. पाणी दोन्ही बाजूंनी येत होतं आणि माझ्यापाशीच मिळत होतं. ते स्वप्न होतं ना, अगदी तसंच.

आणि पांढरं काहीतरी दिसलं. हलत होतं. मला वाटलं, आई.

ती तुझी चादर होती, काठीला बांधलेली, आणि तिच्याखाली तू. विहिरीपर्यंत अर्धा तास घेणारा माणूस छातीपर्यंत पाण्यात. नुसता ओरडत होतास, "चादरीकडे ये! बघू नकोस कुठे, चादरीकडे!"

पुढचं तुला माहीत आहे, का नाही ते मला माहीत नाही. बेटाच्या खडकावर चढल्यावर तू माझा हात सोडलास आणि कोसळलास. मी तुला ओढत घरात नेलं, पुढच्या ओहोटीपर्यंत तुझं डोकं मांडीवर घेऊन चुलीपाशी बसले आणि तुझं ते घड्याळ ऐकत राहिले. मग डेलियाचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. गाडी दुसऱ्या दिवशी ओढून काढली. पुढच्या कप्प्यात एक खेकडा करारावर बसला होता. एमर ते ऐकून हसली आणि मग रडली. तिच्या साहेबाचं मी बघून घेईन, तू त्याचा विचार करायचा नाही.

डॉक्टर म्हणाले, २९ तारखेला, सोमवारी छाती उघडणार. मला विचारतात सही कोण करणार. मी म्हटलं, मी, माझा सह्यांचा अनुभव चांगला नाही, पण मी.

एक विचारायचंय. "असंच एकदा झालं होतं" म्हणजे कधी?

ग्रॉन्या


गॉलवे, २३ ऑक्टोबर

ग्रॉन्या,

सोमवारी छाती उघडणार आहेतच. त्याआधी मीच थोडी उघडतो.

सहासष्ट सालचा मार्च. काटे पुढे करायचा रविवार. रेडिओवर ऐकलं आणि मला हुरूप आला, आपणही शहरातल्यासारखं करू. तुझी आई बार्बरा उठायच्या आत मी घड्याळ पुढे केलं. आणि भिंतीवरच्या तक्त्यातले त्या दिवसाचे आकडेही पेन्सिलीनं सरकारी वेळेत करून ठेवले, बार्बराला पलीकडे प्रार्थनेला आणि दुकानात जायचं होतं, तिला सोपं जावं म्हणून. घड्याळाचं तिला सांगितलं, तक्त्याचं सांगायचं राहिलं. गाय व्यायली होती, मी गोठ्यात होतो.

तिनं तक्ता बघितला. तिला माहीत होतं की तक्ता जुन्या वेळेचा असतो. तिनं एक मिळवला. मी आधीच मिळवलेला होता.

डेलियाच्या आईनं मला तेव्हाच सांगितलं, बार्बरा दुकानात पाच मिनिटं थांबली नाही. चहा नको म्हणाली, पोर घरी आहे म्हणाली. माझ्याकडे एक तास आहे पण मी तो वापरणार नाही, असं हसून म्हणाली. वाळू मिटायला आलीच होती.

लोक म्हणाले, गप्पा मारत बसली असेल, तिचा स्वभावच तसा. मी म्हणू दिलं. डेलियाच्या आईलाही गप्प बसवलं. तुला म्हणताना ऐकलं, मी आईवर गेलेय, उनाड, तेव्हाही गप्प बसलो. त्याच दिवशी घरातले काटे मी मागे घेतले आणि तेव्हापासून हलवले नाहीत. एका घरात एकच वेळ. आणि अठरा वर्षांनी तुझ्यासाठी पत्र लिहिताना परत तेच. तुला सोपं जावं म्हणून.

त्या दिवशी मी तीनलाच, म्हणजे तुझ्या चारला, चादर घेऊन निघालो होतो. तू येशील असं वाटून नाही. सहासष्टला मी घरात थांबलो होतो म्हणून.

मला इथे फार भीती वाटते. मरायची नाही. तू आता काय लिहिशील त्याची.

फेस्टस


डब्लिन, २६ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र दोन दिवस कपबशांच्या फळीवर ठेवलं होतं, उलटं करून. तीन बशा फुटल्या. चिडले होते, अजून आहे. मी चार वर्षं कुठेच टिकले नाही, आणि दरवेळी सामान बांधताना मनात म्हणायचे, रक्तच तसं, आई दुकानातून उठली नाही, मी कुठे बसणार. आणि ती तर चहासुद्धा न घेता निघालेली. पोर घरी आहे म्हणून. ते पोर मी, मामा. हे मला आठव्या वर्षी कळायला हवं होतं.

हे तुला बरं झाल्यावर परत एकदा ऐकावं लागेल, मोठ्यानं, म्हणून बरा हो.

काल एमरच्या काउंटरवर उभी होते. एक म्हातारा अमेरिकन किल्ली घेत होता, पश्चिमेला जायचं म्हणाला. मी त्याला म्हटलं, काठावर कुणी हात केला तर गाडी थांबवा, काच खाली करा आणि काय म्हणतात ते पूर्ण ऐका. तो म्हणाला, थँक्यू. त्याला वाटलं, आदरातिथ्य.

रविवारी २८ तारखेला काटे मागे जातात. मार्चपर्यंत तुझी वेळ आणि सरकारची वेळ एकच. मी बसनं येते, गाडी मला आता कुणी देणार नाही. ती टोपी वाळलीय, जरा आकसलीय, तुझ्या डोक्याला होईल. सोमवारी तुला आत नेईपर्यंत मी तिथे असेन आणि बाहेर आणतील तेव्हाही तिथेच असेन. मलाही भीती वाटते, इतकी की हे लिहिताना उभी आहे, बसवत नाही.

रविवारी दोन वाजता पोचते. दोन म्हणजे दोनच. तू काही मिळवू नकोस, मीही मिळवणार नाही.

ग्रॉन्या